अंड्यावरच्या कोंबड्यांना स्वयंपाकघरातील उरलेसुरले किती आणि कसे द्यावे

परसात चार-सहा कोंबड्या असल्या की भाजीची देठे, शिळी भाकरी आणि पातेल्याच्या तळाला उरलेला भात यांची वाट खुराड्याकडे वळते. अन्न वाया जात नाही, कोंबड्याही भांड्याचा आवाज ऐकून धावत येतात, त्यामुळे ही सवय मोडावी असे कोणी सांगणार नाही. मात्र जी कोंबडी नियमितपणे अंडी देते, मग ती लेयर, म्हणजे खास अंड्यांसाठी पाळल्या जाणाऱ्या जातीची असो की ग्रामप्रियासारख्या सुधारित जातीची, तिच्यासाठी हे उरलेसुरले म्हणजे खाद्यावरचा थोडासा वरखाऊ एवढेच राहिले पाहिजे. त्याने खाद्याची जागा घेतली की सर्वांत आधी अंड्याचे कवच पातळ होऊ लागते.

यामागचा हिशेब समजून घेणे उपयोगाचे आहे. अंड्याच्या एका कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम असते. कोंबडी दिवसाला सुमारे ११० ते १२० ग्रॅम लेयर खाद्य, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठीचे तयार खाद्य, खाते आणि त्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असल्यामुळे तिला ४ ग्रॅमच्या आसपास मिळते. त्यातले साधारण निम्मेच अंगी लागते, म्हणजे जमाखर्च जेमतेम जुळतो. आता याच कोंबडीचे अर्धे पोट भाताने किंवा भाकरीने भरले, तर कॅल्शियम जवळजवळ निम्म्यावर येते, कारण धान्यात ते नाममात्रच असते. उरलेली तूट कोंबडी स्वतःच्या हाडांतून भरून काढते. काही दिवस अंडी नेहमीसारखीच दिसतात आणि म्हणून मालकाला काही बिघडले आहे असे वाटतही नाही. पुढे मात्र कवच हाताला खरखरीत लागते, अंडी उचलताना तडकतात आणि कोंबडी पायांत अशक्त होते. प्रथिनांचेही तसेच आहे. लेयर खाद्यात ती १६ ते १८ टक्के असतात, तर भातात आणि ज्वारीच्या भाकरीत त्याहून पुष्कळ कमी. शिवाय पिष्टमय आणि तेलकट खाण्याने यकृतावर चरबी साठते व अंडी कमी होतात.

म्हणून दिवसभराच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त वरखाऊ देऊ नये. पाच कोंबड्यांना मिळून एक लहान वाटी, म्हणजे ६० ग्रॅमच्या आसपास, एवढेच हे प्रमाण होते, आणि प्रत्यक्षात बहुतेक घरांतून याच्या कितीतरी पट जास्त टाकले जाते. भात, भाकरी, पोळी आणि कणी यांच्या बाबतीत ही मर्यादा काटेकोरपणे पाळावी. पालेभाजीत बहुतांश पाणीच असल्याने तिथे हात थोडा सैल सोडला तरी चालते.

वेळ दुपारनंतरची ठेवावी. सकाळी कोंबड्या भुकेल्या असतात, तेव्हा त्यांच्यापुढे फक्त लेयर खाद्य आणि स्वच्छ पाणी असावे. वरखाऊ एकाच ढिगात न टाकता दोन-तीन पसरट पाट्यांत विभागावा, कारण कळपातल्या दांडग्या कोंबड्या दुबळ्यांना टोचून हाकलतात. अर्ध्या तासात जे संपले नाही ते उचलून टाकावे; रात्रभर पडलेले अन्न उंदीर-घुशींना बोलावते आणि त्यांच्यामागे साप येतो.

देण्याजोग्या वस्तूंत शेवग्याच्या पाल्याला मी पहिला मान देईन. त्यात प्रथिने आणि कॅल्शियम दोन्ही चांगले असते आणि बलकाला गडद रंग येतो. मेथी व कोथिंबिरीची देठे, कोबीची बाहेरची पाने, लाल भोपळ्याचा गर व बिया, काकडी आणि पपईची साल हेही चांगले. लांब देठे बोटभर तुकड्यांत चिरून द्यावीत, नाहीतर त्यांचा गुंता गळ्याखालच्या अन्नाच्या पिशवीत अडकतो. पालकात ऑक्झॅलिक आम्ल असते व ते कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणून तो क्वचितच द्यावा. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात भर दुपारी धान्य टाळावे, कारण ते पचवताना अंगात उष्णता वाढते. त्या वेळी कलिंगडाच्या सालीचा पांढरा भाग किंवा काकडी द्यावी.

काही वस्तू मात्र कधीच देऊ नयेत. लोणचे, पापड, फरसाण आणि खारवलेली सुकी मासळी यांतले मीठ कोंबडीला सोसत नाही. आमटी कालवलेला भात द्यायचाच असेल तर पाण्यात धुऊन निथळून द्यावा. कच्चा राजमा आणि पावटा विषारी ठरतात, ते पूर्ण शिजलेलेच हवेत. हिरवट किंवा कोंब आलेल्या बटाट्याची साल, अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट आणि चहाचा चोथा बाजूला ठेवावा. कांदा जास्त प्रमाणात गेल्यास रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. दुकानातून आणलेल्या कोंबडीचे कच्चे अवशेष तर खुराड्याजवळही नेऊ नयेत, कारण त्यातून कोंबड्यांचे रोग थेट कळपात शिरू शकतात. पावसाळ्यात सर्वांत मोठा धोका बुरशीचा असतो. बुरसटलेला पाव, मका किंवा शेंगदाण्याची पेंड यांत अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकते आणि ते शिजवून किंवा उन्हात वाळवून जात नाही. अशी वस्तू सरळ फेकून द्यावी.

अंड्यांची टरफले मात्र फेकू नयेत. ती धुऊन वाळवावीत, तव्यावर कोरडी भाजावीत आणि जाडसर कुटावीत, इतकी की कोंबडीला त्यात अंडे ओळखू येणार नाही. अन्यथा तिला स्वतःची अंडी फोडून खाण्याची खोड लागू शकते. अगदी पीठ करू नये, कारण जाड कण पोटात रेंगाळून हळूहळू विरघळतात. कवच तयार व्हायला सुमारे २० तास लागतात आणि त्यातले बरेचसे काम रात्री चालते, म्हणून हा चुरा संध्याकाळी वेगळ्या भांड्यात ठेवावा. प्रत्येक कोंबडी गरजेपुरता उचलते. कोकणात तिसऱ्यांचे आणि कालवांचे शिंपले कुटून तेच काम होते.

आपले प्रमाण बरोबर आहे की नाही, हे पाहण्यासाठी पहाटे खाद्य घालण्यापूर्वी कोंबडीच्या छातीवर, मानेच्या बुडाशी, बोटांनी हलकेच चाचपावे. तिथली पिशवी रात्री भरलेली आणि सकाळी रिकामी, सपाट लागली पाहिजे. सकाळीही ती कणकेच्या गोळ्यासारखी भरलेली लागली तर आदल्या दिवशीचे अन्न अडकले आहे असे समजून वरखाऊ बंद करावा आणि दिवसभरात फरक न पडल्यास पशुवैद्यकाला दाखवावे.

अजून अंड्यावर न आलेल्या तलंगांना आणि पिल्लांना टरफलांचा चुरा किंवा लेयर खाद्य देऊ नये, कारण जादा कॅल्शियमने त्यांच्या मूत्रपिंडांना इजा होते. कळपात अशी पिल्ले असतील तर त्यांचे खाद्य वेगळ्या जागी, मोठ्या कोंबड्यांची चोच पोहोचणार नाही असे ठेवावे.