नळाला पाणी येणारा रविवार : सोलापुरात सुट्टीच्या दिवसाची कामे कशी लावावीत

सोलापुरात सुट्टीच्या दिवसाची आखणी घड्याळ पाहून करू नये. ती नळ आणि ऊन पाहून करावी. शहराच्या पुष्कळ भागांत नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड पाळी येते, आणि चैत्र लागल्यावर पारा चाळिशीकडे सरकू लागला की सकाळी दहानंतर पिशव्या घेऊन बाजारात फिरणे अंगावर येते. म्हणून पाळी रविवारी असेल, तर पाण्याची कामे नळ चालू असताना, बाहेरची कामे ऊन चढण्यापूर्वी आणि बसून करायची कामे दुपारी, असा क्रम लावावा. तो नीट लागला, तर संध्याकाळी गच्चीवर चटई टाकून हातात आंबिलीचा किंवा पन्ह्याचा पेला घेऊन बसता येते. पुढील सूचना चार माणसांचे घर आणि उन्हाळ्यातील रविवार गृहीत धरून दिल्या आहेत.

सुरुवात शनिवारी रात्री करावी. पिंप, बॅरल आणि कळश्यांमध्ये उरलेले पाणी झाडांना किंवा न्हाणीघरासाठी काढून घेऊन ही भांडी रिकामी करावीत आणि आतून काथ्याने घासावीत. नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही, कारण डेंग्यू पसरवणारा डास आपली अंडी भांड्याच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या रेषेलगत चिकटवतो आणि ती कोरडी पडली तरी बरेच दिवस टिकतात. पुन्हा पाणी भरताच त्यांतून अळ्या निघतात. अळीचा डास होण्यास उन्हाळ्यात आठवडाभर पुरतो, म्हणून आठवड्यातून एकदा तरी प्रत्येक भांडे घासून कोरडे झाले पाहिजे. आमच्याकडे हे काम कोणालाच आवडत नाही आणि ते नेहमी माझ्याच वाट्याला येते, तरीही ते टाळू नये असेच मी सांगेन.

किती पाणी साठवावे, याचा हिशेब एकदा कागदावर मांडून ठेवावा. शहरांसाठी माणशी रोज 135 लिटर हे सरकारी प्रमाण धरले, तर चार माणसांना चार दिवसांसाठी 2160 लिटर लागतात. एवढी साठवण प्रत्येक घरी नसते. बादलीने अंघोळ आणि धुण्याच्या पाण्याचा फेरवापर एवढे पाळले, तर माणशी 70 लिटरमध्ये निभावते आणि हाच आकडा 1120 लिटरवर येतो, म्हणजे 1000 लिटरची टाकी आणि दोनशे लिटरचे एक बॅरल. यातले पिण्याचे व स्वयंपाकाचे पाणी माणशी पाच लिटरप्रमाणे 80 लिटर होते. हे पाणी झाकणाच्या भांड्यांत वेगळे ठेवावे आणि घेण्यासाठी दांड्याचे ओगराळे वापरावे. हात बुडवू नये.

पाळीची वेळ पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याकडून किंवा शेजारच्या काकूंकडून आदल्या दिवशीच विचारून घ्यावी. नळ सुटल्यावर पहिली पाच-सात मिनिटे येणारे पाणी बहुधा गढूळ असते. ते वाया जाऊ न देता दोन बादल्यांत धरावे आणि फरशी पुसण्यासाठी ठेवावे. धार स्वच्छ झाली की आधी पिण्याची भांडी, मग टाकी, आणि सर्वांत शेवटी बॅरल व बादल्या भरून घ्याव्यात, कारण पाणी अर्ध्या तासातच गेले तरी निदान पिण्याची सोय झालेली असते. पाणी गढूळ वाटल्यास तुरटीचा खडा हंड्यात चार-पाच वेळा फिरवून पाणी दोन-तीन तास स्थिर ठेवावे व वरचे निवळ पाणी काढून घ्यावे. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. त्यामुळे पिण्यापूर्वी पाणी उकळावे. टाकी भरत असताना कोणीतरी तिच्याकडे लक्ष द्यावे. मी एकदा पाणी चढवण्याची मोटर चालू ठेवून वर्तमानपत्र वाचत बसलो आणि चार दिवसांनी आलेले पाणी जिन्यावरून खाली वाहू लागल्यावर खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी हाक मारली. तेव्हापासून मोटरचे बटण दाबले की मी भ्रमणध्वनीवर गजर लावतो.

नळ चालू असतानाच धुण्याचे मोठे काम उरकावे, आणि सोलापूरच्या घरात मोठे धुणे म्हणजे चादरी. येथील जकार्ड चादर सुती आणि जाड विणीची असते. कोरडी असताना ती फार जड वाटत नाही, पण भिजली की एकट्याला उचलवत नाही. सात किलोच्या यंत्रात एका वेळी एकच दुहेरी चादर टाकावी, अन्यथा ती एका बाजूला गोळा होते आणि पिळण्याच्या वेळी यंत्र थडथडते. नवी चादर पहिल्या दोन-तीन वेळा स्वतंत्र आणि गार पाण्यातच धुवावी. मिठाच्या पाण्यात भिजवल्याने रंग पक्का होतो असे आमच्या आजीचे मत होते, परंतु धाग्यावर जास्तीचा बसलेला रंग दोन-तीन धुण्यांत निघून जाणारच. त्या काळात ती पांढऱ्या कपड्यांपासून दूर ठेवणे एवढाच खरा उपाय आहे. भिजवायची झाल्यास वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ भिजवू नये. हाताने धुतलेली चादर पिळताना दोघांनी दोन टोके धरून उलट दिशांना हलकेच पीळ द्यावा आणि दोरीवर उलटी बाजू वर करून वाळत घालावी. एप्रिलच्या उन्हात ती दोन तासांत वाळते. त्यानंतर ती तेथेच राहू दिली तर गडद लाल आणि निळे रंग विटू लागतात.

टॉवेलांची रीत वेगळी आहे. सोलापुरी टर्किश टॉवेल नवा असताना पाणी नीट टिपत नाही, आणि म्हणून काही जण तो निकृष्ट आहे असे समजतात. प्रत्यक्षात कारखान्यातील अखेरच्या प्रक्रियेत चढवलेला मुलायमपणाचा थर दोन-चार धुण्यांत निघाला की त्याचे फासे उघडतात आणि तो पाणी ओढू लागतो. याच कारणाने टॉवेल धुताना कपडे मऊ करणारा द्राव घालू नये आणि वाळल्यावर इस्त्री करू नये. दोरीवर टाकण्यापूर्वी दोन वेळा जोरात झटकला म्हणजे फासे उभे राहतात. धुण्याचे शेवटचे, कमी साबणाचे पाणी बादलीत धरून संडासासाठी ठेवावे. ही काटकसर किरकोळ वाटते, पण दोन चादरींच्या खळबळीत पन्नास-साठ लिटर पाणी सहज जाते.

आठ वाजले की पिशव्या घेऊन निघावे. पहिला मुक्काम पिठाच्या गिरणीचा, कारण डबा तेथे ठेवून बाकीचा बाजार करता येतो. ज्वारी शक्यतो मंगळवेढ्याकडील मालदांडी घ्यावी; तिला भौगोलिक मानांकन आहे, आणि तिची भाकरी पांढरी, मऊ व गोडसर होते. रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघत असल्याने वर्षाची भरती करायची असेल तर हाच काळ योग्य होय. दळायला मात्र आठवड्यापुरतीच न्यावी. ज्वारीचे पीठ पंधरा दिवसांत विरी जाते, म्हणजे त्याचा चिकटपणा जातो, आणि मग भाकरी थापताना कडा फाटतात. गिरणीत डबा देताना, “अण्णा, ज्वारीवरच ज्वारी दळा,” असे सांगण्यास संकोच करू नये. गव्हावर दळलेल्या पिठात मागचा गहू मिसळतो आणि भाकरीला तो मानवत नाही.

तेथून लक्ष्मी मंडईकडे किंवा आपल्या भागातील भाजीबाजाराकडे जावे. संध्याकाळच्या पेयांसाठी दोन मोठ्या, कडक कैऱ्या, चार लिंबे, कोथिंबीर, आले आणि दोन डाळिंबे घ्यावीत. डाळिंबाच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत: जिल्ह्याच्या डाळिंबालाही भौगोलिक मानांकन आहे, केगाव येथे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र 2005 पासून आहे, आणि हस्त बहाराची, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फुलोऱ्याची, फळे उन्हाळ्याच्या तोंडावर बाजारात असतात. फळ निवडताना रंगावर भाळू नये. हातात जड लागणारे, आणि पूर्ण गोल नसून बाजूंनी किंचित चपटे, कोनदार झालेले फळ आत दाण्यांनी भरलेले असते. नवी पेठेतील कापडाची, दुरुस्तीची किंवा भांड्यांची कामे असतील, तर ती दुकाने त्या दिवशी उघडी आहेत का हे आधी विचारावे. रविवारी बंद दारासमोर उभे राहण्यासारखी दुसरी वैतागवाणी गोष्ट नाही. परत येताना गिरणीतून डबा घ्यावा. गरम पिठाच्या डब्याचे झाकण लगेच घट्ट लावू नये, वाफ धरून पिठाला वास येतो.

दहाच्या आत घरी पोहोचल्यावर पहिले काम आंबील भिजवण्याचे, कारण तिला वेळ लागतो. नुकत्याच दळलेल्या ज्वारीच्या पिठाचे चार मोठे चमचे एक वाटी आंबट ताकात गुठळी न राहता कालवून, मातीच्या किंवा स्टीलच्या भांड्यात झाकून ठेवावेत. थंडीत यासाठी रात्रभर ठेवावे लागते. येथील उन्हाळ्यात सहा-सात तास पुरतात. सायंकाळी पाच वाजता चार वाट्या पाणी मीठ घालून उकळत ठेवावे, भिजलेले पीठ त्यात एका हाताने ओतत दुसऱ्या हाताने सतत ढवळावे आणि मंद आचेवर आठ-दहा मिनिटे शिजू द्यावे. कच्च्या पिठाचा वास गेला आणि मिश्रणावर चकाकी आली, की ती शिजली असे समजावे. ढवळणे थांबवले तर तळाला लागते, आणि करपलेल्या आंबिलीला काहीही केले तरी वाचवता येत नाही. पूर्ण गार झाल्यावर दोन वाट्या ताजे ताक, ठेचलेला लसूण, भरडलेले जिरे आणि कोथिंबीर घालून पातळ करावी. पिताना चमचा लागू नये, इतकीच दाट असावी.

दुपारची वेळ बसून करायच्या कामांची आहे. बारा ते चार या वेळात खिडक्यांचे पडदे ओढून, पंख्याखाली ज्वारी निवडणे, वीजबिल भरणे, फाटलेल्या उशीच्या खोळी शिवणे असली कामे करावीत. आणि त्यानंतर झोप आली तर झोपावे, हेही कामच आहे. जेवणाआधी कैऱ्या मात्र कुकरमध्ये तीन शिट्ट्या देऊन उकडून ठेवाव्यात. गार झाल्यावर साल काढून गर कुस्करावा, वाटीने मोजावा आणि एका वाटी गराला दीड ते दोन वाट्या किसलेला गूळ, चिमूटभर मीठ व वेलदोड्याची पूड घालून एकजीव करावा. गूळ किती, हे कैरीच्या आंबटपणावर ठरते, म्हणून आधी दीड वाटीच घालून चव पाहावी. हा गर काचेच्या बरणीत फ्रीजमध्ये ठेवल्यास आठवडाभर टिकतो, आणि पाहुणे आले की पेल्याला दोन मोठे चमचे गर व गार पाणी एवढ्यात पन्हे तयार होते.

पाणी गार करण्यासाठी माठच वापरावा, असा माझा आग्रह आहे. माठाच्या छिद्रांतून झिरपलेले पाणी बाष्प होताना आतल्या पाण्यातील उष्णता घेऊन जाते, आणि हवा जितकी कोरडी तितके हे बाष्पीभवन जोरात होते. म्हणूनच मुंबईच्या दमट हवेत जेमतेम गार होणारे माठातले पाणी सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात दातांना लागण्याइतके थंड होते. माठ ओल्या वाळूच्या परातीत, वारा लागेल पण ऊन लागणार नाही अशा जागी ठेवावा आणि भोवती ओले सुती फडके गुंडाळावे. माठ बाहेरून साबणाने घासू नये. छिद्रे बुजली की त्याचा गुण जातो.

डाळिंबाचा रस अगदी शेवटी, पिण्याच्या वेळीच काढावा. दाण्यांभोवतीचा पांढरा पापुद्रा कडू असतो, तो पूर्ण काढून टाकावा, आणि दाणे मिक्सरमध्ये दोन-तीन सेकंदच फिरवून पातळ फडक्यातून गाळावेत. जास्त फिरवले तर आतल्या बिया वाटल्या जातात आणि रस तुरट होतो. साखर बहुधा लागत नाही. चिमूटभर काळे मीठ आणि अर्धे लिंबू पुरते.

साडेपाचनंतर गच्चीची फरशी सकाळी धरलेल्या गढूळ पाण्याने शिंपून घ्यावी, म्हणजे ती सूर्यास्तापर्यंत निवते. सोबत खाण्यासाठी कडक भाकरी आणि शेंगाचटणी यांपेक्षा अधिक काही करण्याची गरज नाही. चटणी घरी करायची असल्यास भाजलेले शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, जिरे व मीठ उखळात कुटावे. कुटताना दाण्याचे तेल सुटते आणि चटणी ओलसर होते. मिक्सरमध्ये करताना थांबत थांबत फिरवावे, नाहीतर तिचा लगदा होतो. आंबील आधी घ्यावी आणि पन्हे नंतर, कारण गोड पन्ह्यावर लसणीची आंबील बेचव लागते.

उरलेली आंबील दुसऱ्या दिवशीसाठी ठेवू नये. ताक घातल्यावर ती रात्रीतून फारच आंबते. पन्ह्याच्या बरणीत नेहमी कोरडा चमचाच घालावा. झोपण्यापूर्वी माठ भरावा, वाळलेल्या चादरींच्या घड्या करून ठेवाव्यात, आणि दिनदर्शिकेवर पाण्याच्या पुढच्या पाळीच्या तारखेभोवती पेनाने गोल करावा.