फुसफुस सेकंड स्टेजची, दोष फर्स्ट स्टेजचा

स्कूबा डायव्हिंगचा माझा रेग्युलेटर बिघडला. त्याचे भाग दोन: टाकीवर बसून हवेचा दाब उतरवणारा फर्स्ट स्टेज आणि तोंडात धरून श्वास घ्यायचा सेकंड स्टेज. हवेची टाकी उघडल्यावर दोन मिनिटं शांतता, मग माउथपीसमधून बारीक फुसफुस. पर्ज (हवा मुद्दाम सोडायचं बटण) दाबलं की थांबायची, पुन्हा सुरू. सेकंड स्टेजची सीट (हवेची वाट बंद करणारा मऊ भाग) बदलली, लिव्हर जुळवला. मालवणातले दोन रविवार पाण्यात गेले, मी मात्र कोरडाच.

शेवटी इन्फ्लेटरच्या (जॅकेट फुगवायच्या) होजला प्रेशर गेज लावला. त्यावर फर्स्ट स्टेजमधून येणारा दाब दिसतो. काटा 9.5 बारला थांबायला हवा, तो सरकत 11.5 ला गेला. जादा दाब आला की सेकंड स्टेजचा डाउनस्ट्रीम (हवेच्या प्रवाहाच्या दिशेने उघडणारा) व्हॉल्व्ह आपणहून उघडतो. हवा वाया जाते, पण कोंडत नाही. रचनाच तशी.

टाकी बंद केली, पर्ज दाबून दाब शून्यावर आणला, फर्स्ट स्टेज खोलला. (शिकला नसाल तर गेजपाशीच थांबा.) हाय-प्रेशर सीटवर खोल गोल खाच, तिच्यात मिठाचा कण. भिंगातून ऑरिफिसची (सीट ज्यावर टेकते त्या भोकाची) कड पाहिली, धड होती. सीट, ओ-रिंगा नव्या घातल्या. 9.5 ला सेट, वीसदा पर्ज, पुन्हा सेट. तासाभरानंतरही काटा तिथेच.