फुटबॉलच्या सरांच्या आठवणीत सामना भरवायचा, तर

सर गेले की माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर बॅनर आणि चषकाची चर्चा आधी सुरू होते. त्याआधी दोघांनी सरांच्या घरी जाऊन या. वर्षश्राद्ध तिथीने असते, त्या दिवशी घरच्यांना कार्यक्रम नको असू शकतो. फोटो कोणता लावायचा, हेही त्यांनाच ठरवू द्या.

नाशिकला जून ते सप्टेंबर टाळाच. ओली काळी माती स्टडने उखडते, वाळली की ते खड्डे दगडासारखे होतात आणि पुढे महिनाभर शाळेच्या मुलांचे घोटे मुरगळतात. डिसेंबर-जानेवारीतला रविवार, सकाळी आठची वेळ चांगली. थंडी असते, म्हणून वॉर्मअपला पूर्ण वीस मिनिटे द्या. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर गर्दी जास्त मावेल, पण सर ज्या मातीत शिट्टी घेऊन उभे राहिले तिथेच, शाळेच्या मैदानावर, हा सामना शोभतो.

सात-सातचा सामना ठेवा. मैदान ६० बाय ४० मीटर आखा आणि दोन्ही कर्ण टेपने मोजा. ते ७२.११ मीटर भरले, तरच कोपरे काटकोनात आहेत. रेषांना फक्कीच वापरा, कळीचा चुना नको. घसरून पडलेल्याच्या डोळ्यांत गेला तर इजा होते. सुटे गोलपोस्ट असतील तर मागच्या दांड्यावर वाळूची पोती टाका आणि मुलांना आडव्या दांड्याला लोंबकळू देऊ नका. पोस्ट उलटून जीव गेल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

चेंडू पाच नंबरचा, घेर ६८ ते ७० सेंटिमीटर. आदल्या रात्री हवा भरा, म्हणजे गळका चेंडू सकाळी कळतो. सुई ओली करूनच घाला, कोरड्या सुईने व्हॉल्व्ह फाटतो.

‘जुने विरुद्ध नवे’ असे संघ करू नका. चाळिशीतला माणूस नववीतल्या मुलामागे धावला की मांडीच्या मागचा स्नायू धरतो. दोन्ही संघांत सगळ्या बॅच मिसळा, वीस-वीस मिनिटांचे दोन डाव खेळवा, खेळाडू कितीही वेळा बदलू द्या. बर्फ फडक्यात गुंडाळून लावायचा, थेट कातडीवर नाही. १०८ नंबर कोण फिरवणार, ते आधीच ठरवा.

श्रद्धांजलीला मध्यवर्तुळ ९.१५ मीटर त्रिज्येचे आखा. घेर सुमारे ५७ मीटर होतो, म्हणजे मीटरला एक याप्रमाणे पन्नास-पंचावन्न जण रेषेवर उभे राहतात. मौनाचे एक मिनिट पंचांनी घड्याळावर मोजावे, सुरुवात आणि शेवट शिट्टीने. कोणी मोजले नाही, तर तिसाव्या सेकंदाला कुजबुज सुरू होते. भाषणे नंतर, दोनच.

जुने फोटो मागवा, ६०० डीपीआयवर स्कॅन करा आणि मूळ प्रत त्याच आठवड्यात परत द्या. मागे नावे लिहायची तर मऊ पेन्सिलने, डावीकडून उजवीकडे. पेनची शाई पुढे उमटते.

बाहेरच्यांकडूनही वर्गणी घेणार असाल, तर धर्मादाय सहआयुक्त कार्यालयात महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खालच्या परवानगीची आधी चौकशी करा. पैसे उरले की चषक मोठा करू नका; सध्याच्या पीटीच्या सरांना काय कमी पडते ते विचारा. बहुधा बूट निघतील. मुलांच्या पायांची मापे खरेदीच्या आठवड्यातच, संध्याकाळी, मोजे घालून घ्या. या वयात पाय भराभर वाढतो.