आजारपण, माती आणि पुढचे सात दिवस : लहान जमातीने काय करावं

ठाण्याचं आमचं शार हशामायिम सिनेगॉग 1879 सालचं. 1948 साली इस्राएल झालं, त्यानंतर बेने इस्राएलांची, म्हणजे आम्हा मराठी ज्यूंची, बरीचशी घरं तिकडे गेली आणि मागे राहिलेल्यांची मुलंही आता बहुतेक तिकडेच. त्यामुळे कोणी आजारी पडलं की ‘घरचे बघतील’ हे आमच्यात चालत नाही. घरचे म्हणजे पुष्कळदा एक म्हातारी आणि तिचा मोबाईल. बायकांच्या बाजूचं काम बरीच वर्षं मी बघते. नव्याने हात लावणाऱ्या मुलींसाठी हे लिहितेय.

आजाराची बातमी आली की आधी रोग्याचं हिब्रू नाव आणि त्याच्या आईचं नाव विचारून घ्या. बरं वाटावं म्हणून तोरा, म्हणजे आपला धर्मग्रंथ, वाचताना जी प्रार्थना होते, ती आईच्या नावाने होते, आणि शनिवारी सकाळी प्रार्थना चालवणारे हजान तेबावर, म्हणजे वाचनाच्या चौथऱ्यावर, उभे असताना ‘अगं, त्यांच्या आईचं नाव काय गं?’ अशी कुजबुज बरी दिसत नाही. मग भेटीला कोण कधी जाणार ते ठरवा. तालमूद हा आपला जुना धर्मशास्त्राचा ग्रंथ म्हणतो, भेटायला येणारा आजाराचा साठावा हिस्सा उचलून नेतो. म्हणून साठ जणांनी एकदम वॉर्डात शिरायचं नसतं! भल्या सकाळी जाऊ नका, रात्रीही नको. पलंगाच्या उशाशी बसू नका. आपल्या नणंदेला हाच आजार कसा झाला आणि ती कशी गेली, ही कथा तर अजिबात नको. डॉक्टरांशी आणि बिलाच्या खिडकीवर बोलायला एकच माणूस नेमा, तोच रोज सगळ्यांना कळवील.

डबा द्यायचा तर शाकाहारी द्या. आपल्यात मटण आणि दूध एकत्र चालत नाही, शाकाहारी डब्याने मटणाच्या घरात दुधाचं आणि दुधाच्या भांड्यात मटणाचं असा घोळ होत नाही. नारळाच्या रसातली भाजी, मऊ भात, बस्स. माणूस बरा होऊन घरी आला आणि कोणी एलियाहू हानाबीच्या, म्हणजे एलिया प्रेषिताच्या, नावाने मलिद्याचा नवस बोलला असेल, तर पोहे, नारळ, गूळ, वेलची आणि फळांची जमवाजमव आपण करावी. घरच्या बाईला त्या दिवशी ओट्याशी उभं करू नये.

आता दुसरी बाजू. मृत्यू झाला की वेळ लिहून ठेवा. का, ते शेवटी सांगते. हॉस्पिटलातून मृत्यूच्या कारणाचा दाखला, म्हणजे नमुना 4, हातात आल्याशिवाय पुढे काही हलत नाही. त्यासाठी असा माणूस पाठवा जो रडत नाहीये. शक्यतो त्याच दिवशी दफन करायचं असतं आणि शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवार रात्रीपर्यंत, ते होत नाही. शुक्रवारी दुपारी फोन आला तर कबर खणणाऱ्याला आधी फोन, नातेवाइकांना मागून. मयताजवळ कोणीतरी सतत बसलेलं हवं, तेहिलीम, म्हणजे स्तोत्रं, वाचत.

बाईचं स्नान बायकाच घालतात. पहिल्या वेळी हात थरथरतात, थरथरू द्या. अंग सगळं उघडं टाकायचं नाही. जेवढा भाग धुवाल तेवढीच चादर सरकवायची आणि लगेच परत ओढायची. तिच्या अंगावरून कुणाच्या हातात काही द्यायचं नाही, पलीकडे वळसा घालून जायचं. नखांतली हळद, बोटाला चिकटलेली हॉस्पिटलची पट्टी, सगळं हळू काढायचं. शेवटी पाणी ओततात त्याची धार तुटता कामा नये, म्हणून पहिली बादली संपायच्या आत दुसरीने ओतायला सुरुवात करायची. भरलेल्या बादल्या आधीच ओळीने मांडा. कफन पांढरं सुती, त्याला खिसा नाही, आणि बांधताना पक्की गाठ मारायची नाही. त्या खोलीत घरगुती गप्पा नकोत. सगळं झालं की तिचं नाव घेऊन, काही चुकलं असेल तर माफ कर, असं म्हणायचं.

दफनानंतर घरच्यांचं पहिलं जेवण त्यांच्या चुलीवरचं नसतं. उकडलेली अंडी, मसूर, चपात्या शेजारून यायला हव्यात. हे कोण करणार ते माती निघण्याआधी ठरलं पाहिजे, परत आल्यावर नव्हे.

मग घरचे शोकात बसतात ते सात दिवस. इथे खरी कसोटी मिन्यानची, म्हणजे प्रार्थनेला लागणाऱ्या दहा जणांची. कद्दीश, म्हणजे गेलेल्या माणसासाठी म्हणायची प्रार्थना, म्हणायला दहा पुरुष लागतात, आणि मंगळवारी सकाळी सात वाजता दहा पुरुष म्हणजे चेष्टा नाही. मी दहा नावं कधीच लिहीत नाही, चौदा लिहिते. कोणाची लोकल चुकते, कोणाचं गुडघं दुखतं. मुलाला हिब्रू वाचता येत नसेल तर कद्दीश देवनागरीत मोठ्या अक्षरांत लिहून द्या आणि आदल्या रात्री एकदा म्हणवून घ्या. मुलगा इस्राएलमध्ये असेल आणि फोनवर सामील होणार असेल, तर लक्षात ठेवा की हिवाळ्यात ते आपल्या साडेतीन तास मागे असतात, उन्हाळ्यात अडीच.

भेटायला जाणाऱ्यांनी स्वतःहून बोलायला सुरुवात करू नये. शोकातला माणूस बोलला तर बोला. तो सासूच्या जुन्या भांडणांवर हसत असेल तर तुम्हीही हसा. चहाची फर्माईश करू नका, तिथे तुम्ही पाहुणे नाही. मध्ये शब्बाथ आला तर तो दिवस धरला जातो, पण बसणं होत नाही. सण लागला तर सात दिवस तिथेच संपतात. घरच्यांना हे सांगावं लागतं, नाहीतर त्यांना वाटतं लोकांनी पाठ फिरवली.

सात दिवसांनंतर घर एकदम रिकामं होतं. बहुतेक ठिकाणी आपण इथेच कमी पडतो. तिसाव्या दिवसापर्यंत आठवड्यातून एक फोन, एक डबा, पेन्शनच्या किंवा बँकेच्या कागदांसाठी बरोबर कोणीतरी, एवढं वाटून घ्या.

आणि ती वेळ. वर्षाचा दिवस हिब्रू पंचांगाने धरतात आणि आपला दिवस सूर्यास्ताला बदलतो. साडेसहाला गेले की साडेसातला, एवढ्याने तारीख पुढे सरकते. सिनेगॉगच्या वहीत इंग्रजी तारखेशेजारी ‘सूर्यास्ताआधी’ किंवा ‘सूर्यास्तानंतर’ हे त्याच दिवशी लिहा. पुढच्या वर्षी विचारायला गेलात तर प्रत्येक मुलगा वेगळं सांगतो.