मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर किती, वेळ किती, घरबसल्या कसं काढायचं

आई पहिल्यांदा एकटी बहिणीकडे निघाली तेव्हा रोज एकच प्रश्न, अरे नक्की किती तास बसायचंय मला? तिकीट बघून वाटलं रात्री दीडला निघून सकाळी सातला पोचतेय म्हणजे साडेपाच तास, पण तसं नसतं. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते, म्हणून मी काय करतो तर सगळं आधी भारतीय वेळेत आणतो.

पहिलं अंतर. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी लावू नका, पृथ्वीगोल असेल तर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणून धरा, दोरा सरळ अटलांटिककडे न जाता वर उत्तरेकडून वळतो, तोच सगळ्यात जवळचा रस्ता, साधारण साडेबारा हजार किलोमीटर. गूगल अर्थवर मोजलं तरी तेवढंच येतं. त्याला 850 ने, म्हणजे विमानाच्या ताशी वेगाने, भागा आणि विमान वर चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवा, सव्वापंधरा तास झाले. जाताना समोरून वारा असतो कारण वरचा जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा जोराचा वारा, पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो, त्यामुळे सोळा धरा, येताना तोच वारा पाठीशी म्हणून चौदा-साडेचौदा.

आता घड्याळ. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ, कारण तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे. समजा 15 जानेवारीला रात्री 1:30 ला विमान सुटलं, अधिक सोळा म्हणजे आपले संध्याकाळचे 5:30, त्यातून साडेदहा वजा, तिकडे त्याच दिवशी सकाळचे 7. येताना उलटं, तिकडून सकाळी 11:30 ला निघाले तर साडेचौदा तास आणि वर साडेदहा मिळवायचे, म्हणजे इथे दुसऱ्या दिवशी दुपारी 12:30.

आणि हे प्लीज नीट बघा, 15 तारखेचं रात्री 1:30 चं विमान म्हणजे 14 च्या रात्री जेवून घरातून निघायचंय, तीन तास आधी पोचायचं असतं. यात भलेभले चुकतात आणि विमान चुकलं की म्हाताऱ्या माणसांचे फार हाल होतात.

थांबा घेऊन जायचं असेल तर गंमत अशी की किलोमीटर फारसे वाढतच नाहीत, लंडनमार्गे जेमतेम दोनशे, दुबईमार्गे चारशेच्या आसपास. वेळ जातो तो खाली बसून. म्हणून मध्ये किती तास थांबायचंय ते आधी बघा, मग भाडं. आईच्या बीपीच्या गोळीचे तासही मी असेच भारतीय वेळेने मोजून डॉक्टरांना दाखवले होते आणि कोणती गोळी कधी ते मोठ्या अक्षरात लिहून तिच्या पर्समध्ये ठेवलं.