विहिरीत टीसीएल टाकताना

पहिल्या मोठ्या पावसानंतर उकिरड्यावरचं, गोठ्यातलं पाणी झिरपून विहिरीत उतरतं. पाणी नितळ दिसलं तरी जुलाब-काविळीचं भय तेव्हाच जास्त. म्हणून टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करणारी क्लोरीनची ब्लीचिंग पावडर टाकायचीच, पण अंदाजाने मूठभर नको.

आधी दोरीला दगड बांधून पाण्याची खोली मोजा. विहिरीचा व्यास गुणिले व्यास गुणिले खोली, सगळं मीटरमध्ये, आणि त्याला 785 ने गुणलं की लिटर मिळतात. दर 1000 लिटरला 2.5 ग्रॅम ताजी पावडर. 3 मीटर व्यास आणि 4 मीटर पाणी असेल तर सुमारे 28,000 लिटर, म्हणजे 70 ग्रॅम.

पावडर कोरडी फेकू नका, ती तळाशी जाऊन बसते. प्लास्टिकच्या बादलीत कालवा, दहा मिनिटं चुना खाली बसू द्या. वरची निवळी दुसऱ्या बादलीत घ्या, ती दोरीने पाण्यात सोडून वरखाली हलवा. मला विचाराल तर हे रात्रीच करावं. निदान तासभर कोणी पाणी शेंदू नये.

मग ओटी टेस्ट, म्हणजे पाण्याच्या नमुन्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून क्लोरीन उरलाय का ते बघणं. पिवळा रंग आला नाही तर मात्रा कमी पडली. गढूळ पाण्यात हे हमखास होतं, क्लोरीन गाळातच संपतो. पोतं उघडं पडलेलं असेल तर आधी पावडरच बदला. ओल लागली की तिचा जोर जातो.