अतिनील कॅमेरा अवकाशात धाडण्याआधी

कोणती तरंगलांबी हवी ते आधी ठरवा, बाकी सगळं त्यावरून ठरतं. ओझोन अतिनील प्रकाश अडवतो वगैरे सांगत बसत नाही.

आरशाला ॲल्युमिनियम आणि वर मॅग्नेशियम फ्लोराइडचा थर. तो साधारण 115 नॅनोमीटरपर्यंत साथ देतो. त्याखाली जायचं तर लिथियम फ्लोराइड, पण त्याला दमट हवा सोसत नाही. आरसे कमीत कमी ठेवा, प्रत्येक परावर्तनात प्रकाश घटतो.

डिटेक्टर निवडताना दृश्य प्रकाशाची गळती मोजा. थंड तारा दृश्य प्रकाशात इतका तेजस्वी असतो की फिल्टरमधून किंचितही गळलं तर अतिनील मापन त्यात बुडून जातं. सिझियम आयोडाइडचा फोटोकॅथोड (प्रकाश पडल्यावर इलेक्ट्रॉन सोडणारा थर) दृश्य प्रकाशाला जवळपास आंधळा असतो, म्हणून तो बरा.

आता आउटगॅसिंग, म्हणजे निर्वातात साहित्यातून वाफा सुटून आरशावर बसणं. इथे आम्ही फसलो. गोंद, रंग, वंगण सगळं तपासलं, पण केबल बांधायचे पट्टे राहिले. साहित्य मंजूर यादीतलं होतं, म्हणून ते निर्वातात भाजलंच नाही. अशा यादीसाठीची नेहमीची चाचणी निर्वातात 125 अंश सेल्सियसवर 24 तासांची असते आणि एक टक्क्यापर्यंत वस्तुमान गेलं तरी साहित्य पास होतं. अतिनीलसाठी ही सूट फार मोठी आहे. निर्वात चाचणीनंतर आरसा डोळ्यांना लख्ख दिसत होता, दृश्य प्रकाशातलं मापनही ठीक आलं. दूर-अतिनीलमध्ये, म्हणजे अतिनीलच्या आखूड तरंगलांबीच्या भागात, मात्र परावर्तन कोसळलेलं. काही नॅनोमीटरचा सेंद्रिय थर पुरतो, आणि त्यावर अतिनील पडलं की तो घट्ट चिकटून बसतो. म्हणून केबल भाजा. पट्टे भाजा. यादीत आहे म्हणून सोडू नका. चाचणीच्या टाकीत आरशाशेजारी साक्षीदार काच (आरशाइतकाच मळ झेलणारा नमुना) ठेवा आणि तिचं मापन दूर-अतिनीलमध्येच करा, दुसरीकडे केलेलं काही कामाचं नाही.

थंड डिटेक्टर असेल तर तो तापवायची सोय हवीच. हबलच्या डब्ल्यूएफपीसी-2 कॅमेऱ्याच्या थंड खिडक्यांवर मळ साचायचा आणि तो घालवायला ठरावीक काळाने कॅमेरा गरम करावा लागायचा.

कंपन चाचणी, कॅलिब्रेशन, सूर्यापासूनचा कोन: करा. फार तेजस्वी तारे वगळायची यादी आधीच तयार ठेवा, डिटेक्टरमधली मायक्रोचॅनेल प्लेट (इलेक्ट्रॉनांचा संकेत वाढवणारी चकती) जळली तर बदलता येत नाही.

उड्डाणानंतर दारं उघडायची घाई नको. भारताचा खगोल उपग्रह ॲस्ट्रोसॅट 28 सप्टेंबर 2015 ला गेला, त्यातल्या यूव्हीआयटी या अतिनील दुर्बिणीची दारं नोव्हेंबर संपताना उघडली. तोवर यानातून वायू निघून जाऊ द्यायचे होते. आणि उड्डाणाआधी ते केबलचे पट्टे पुन्हा एकदा बघा.